अक्काला मी शिकवलेलं इंग्रजी

ही गोष्ट मी आयुष्यभर टाळत आलो. पुष्कळ वर्षं ती सांगितलीच नाही, आणि एकदा सांगितली ती अर्धी सांगितली. अर्धी सांगणं जास्त वाईट, कारण त्या अर्ध्या गोष्टीला लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि तीच खरी म्हणून राहिली.

आमच्या भावकीत अजूनही असंच धरून चालतात, की माझ्या अक्काच्या डोक्यात इंग्रजीचे चार शब्द शिरले नाहीत आणि म्हणून तिचं सोलापूरला शिकायला जाणं राहिलं. हे खोटं आहे. त्या वेळची सगळी माणसं गेली. खरं काय झालं ते माहीत असलेला मी एकटा उरलो आहे, म्हणून आता लिहितो.

आमचं घर नळदुर्गचं, लिंगायत वाण्याचं. आप्पांचं, म्हणजे वडिलांचं, सोलापूर-हैदराबाद रस्त्याला लागून भुसाराचं दुकान होतं. घरात कानडी आणि मराठी दोन्ही चालायच्या. एक वाक्य एका भाषेत सुरू होऊन दुसऱ्या भाषेत संपायचं आणि त्याचं कुणाला काही वाटायचं नाही. आई गेली तेव्हा मी इतका लहान होतो, की तिचा चेहरा मला आठवत नाही. मला आठवतो तो अक्काचा. ती माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी. तिला आळंदच्या बाजूला दिली होती. दुसऱ्याच वर्षी नवरा तापानं गेला आणि ती माहेरी परत आली. ती परत आली याचं घरात सगळ्यांना दुःख झालं, मला सोडून.

ती मला तम्मा म्हणायची. कानडीत धाकट्या भावाला तसं म्हणतात. माझं खरं नाव तिच्या तोंडून मी क्वचितच ऐकलं. तिच्या अंथरुणाला लागून माझं अंथरूण असे. तिच्या लुगड्याचा पदर मुठीत धरून झोपायची माझी सवय चांगला थोरला झालो तरी सुटली नव्हती. शाळेतल्या पोरांना हे कळलं असतं तर त्यांनी माझं जिणं मुश्कील केलं असतं.

निजामाचं राज्य, त्यामुळं शाळेत सगळं उर्दूत. हिशेब उर्दूत, भूगोल उर्दूत. इंग्रजी शिकवायला एक मास्तर हैदराबादकडून आले होते. काळी शेरवानी, पानानं रंगलेले ओठ, आणि आवाज असा मऊ की मागच्या पोरांना पुढं सरकून बसावं लागे. त्यांची शिकवायची एकच रीत होती. आधी लफ्ज, म्हणजे शब्द. मग मायनी, म्हणजे अर्थ. आणि मग जुमला, म्हणजे वाक्य. यातला जुमला पुस्तकातला चालत नसे. तो आपापल्या घरातला आणि खराच पाहिजे, ही त्यांची अट.

एकदा ‘हंग्री’ हा लफ्ज होता. एका पोरानं पुस्तकातलं वाक्य घडाघडा म्हटलं, द लायन इज हंग्री.

मास्तर म्हणाले, “शेर तेरे घर में रहता क्या रे?”

पोरं हसली.

“तेरे घर में कौन भूका है, वो बोल.”

त्या पोरानं पुस्तक मिटलं. मग हळूच म्हणाला, “मैं.”

हसणं थांबलं. मास्तर म्हणाले, “हौ. तो बोल, आय ॲम हंग्री.” त्यानं तसं म्हटलं. सुट्टीत मास्तरांनी त्याला आपल्या डब्यातली रोटी दिली. आणि वर्गाला सांगितलं, “झूठा जुमला बोले तो लफ्ज भाग जाता. सच्चा बोले तो मरते दम तक नहीं जाता.”

मी पुढं जन्मभर इंग्रजी शिकवलं ते याच रीतीनं. त्यांचं म्हणणं अर्धंच खरं होतं, हे मात्र मला त्याच वर्षी कळलं.

त्या पावसाळ्यानंतर आमच्या शेजारच्या घरातली सून बाळंतपणात अडली. गावच्या सुईणीनं हात टेकले. तिला मोटारीत घालून सोलापूरच्या बायकांच्या दवाखान्यात न्यायचं ठरलं. सोबत जायला तिची सासू घाबरली, तर अक्का उठली आणि गेली. पंधरा-वीस दिवसांनी बाई आणि बाळ दोघं धड परत आली. अक्काही आली, पण ती गेली तशी आली नव्हती. तिच्या चालण्यातच काहीतरी वेगळं होतं. भाकरी थापताना ती दवाखान्याबद्दल बोलत राही. तिथं कपडे कसे उकळतात, बाळाला पहिल्यांदा कसं धरतात, डॉक्टरीणबाई रागावल्या की कशा एकदम हळू बोलतात. तिथल्या परिचारिकेनं एकदा तिच्या हातात नुकतं जन्मलेलं मूल दिलं होतं. “तम्मा, गरम भाकरीसारखं लागतं बघ,” ती म्हणाली.

त्या डॉक्टरीणबाईंनी तिचं काम पाहिलं होतं. त्यांनी तिला सांगितलं होतं, की सुईणीचं शिक्षण द्यायला आम्ही बायका घेतो. राहणं-जेवण इथंच. लिहायला-वाचायला येत नसलं तरी चालेल, ते शिकवू. पण बाळंतपणाच्या खोलीत सगळे हुकूम इंग्रजीत असतात. हे आण, ते धू, तिला उठव, याला धर. तेवढे शब्द पाठ करून संक्रांतीनंतर ये. मी स्वतः पारखीन आणि शब्द आले तर त्याच दिवशी ठेवून घेईन.

हे तिनं आप्पांपुढं मांडलं तेव्हा काका, म्हणजे आप्पांचे धाकटे भाऊ, तिथंच होते. काका एकदम उखडले.

“दादा, घरातली लेक सोलापूरला परक्यांच्या बाळंतपणाची धुणी धुणार? गावात तोंड दाखवायचं कसं?”

अक्का म्हणाली, “काका, तुमच्या घरच्या तिन्ही बाळंतपणाची म्याच धुतली की. तवा कुठं गेलतं तोंड?”

आप्पा हसले. ते क्वचित हसत. मग म्हणाले, “एकदा जाऊन ये. बाईनं ठेवून घेतली तर रहा. न्हाय घेतली, तर पुन्हा हा विषय या घरात काढायचा न्हाय.”

म्हणजे संधी एकच होती. ते अक्कालाही कळलं आणि मलाही.

तिला शिकवायचं काम माझ्यावर आलं. शाळेतून आलो, की मी चुलीपुढं बसायचो आणि ती दुसऱ्या दिवशीच्या डाळी निवडायची. लफ्ज, मायनी, जुमला. शब्द इंग्रजी, मास्तर त्याचा अर्थ उर्दूत सांगत, मी तो मराठीत करायचो, आणि अक्का तो कानडीत पुटपुटून मग डोक्यात ठेवायची. इतका लांबचा प्रवास करून शब्द तिच्यापर्यंत यायचा, पण आला की घट्ट बसायचा. जुमले करण्यात तर तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. मला वर्गात वाक्य सुचलं नाही की मी तिचं ठोकून द्यायचो आणि शाबासकी घ्यायचो. ‘लाऊड’ म्हणजे मोठ्यानं. तिनं लगेच म्हटलं, “काका मोठ्यानं घोरतात आणि म्हणतात डोळ्याला डोळा लागला न्हाय.” एवढं सगळं मला इंग्रजीत करता येईना. मी ‘काका स्नोअर्स लाऊड’ एवढ्यावर भागवलं. मास्तरांना तेवढंही फार आवडलं.

लिहिता येत नसल्यामुळे ती भिंतीवर खुणा करायची. चुलीमागच्या भिंतीवर, कोळशानं. ‘वॉश’साठी एक घागर. ‘बॉइल’साठी भांड्यातून निघणाऱ्या तीन वाकड्या रेघा. ‘बेबी’साठी एक नुसता गोल, त्याला दोन टिंबं. भाकरी थापता थापता ती वर बघायची आणि एकेका खुणेवर शब्द म्हणत जायची. शेजारणींना वाटायचं ही कसला तरी जप करते. म्हशीला ती “सिट डाऊन गं बाई” म्हणायची. म्हैस बसत नसे, तर म्हणायची, “हिला उर्दूतच सांगावं लागतंय.”

काका दुकानातून जेवायला आले की टोमणा ठरलेला. “काय गं, आज इंग्रजाच्या किती भाकरी भाजल्या?”

“तुमच्यापुरत्या भाजल्यात. ईट, काका.”

मी खूष होतो. मास्तर झालो होतो ना. ती शिकली की ती जाणार, हे मला माहीत होतं, पण कळलेलं नव्हतं. मुलांचं असं असतं. सगळ्यांचं असतं की माझ्यापुरतंच होतं, कोण जाणे.

मग ‘अलोन’ हा शब्द आला. अलोन म्हणजे एकट्यानं. मी विचारलं, “जुमला?”

ती डाळीतला खडा शोधत होती. मान वर न करता म्हणाली, “तम्मा आता एकटा निजंल.”

सहज म्हणाली. हसत म्हणाली. एक खरं, घरातलं वाक्य पाहिजे होतं, ते तिनं दिलं. आणि ते इंग्रजीत करायचं काम माझं होतं. मी ते केलं. तम्मा विल स्लीप अलोन. तिनं ते दोनदा म्हटलं, भिंतीपाशी गेली आणि एक लहानशी आडवी रेघ काढली. ती रेघ म्हणजे मी होतो, अंथरुणावर.

दुसऱ्या दिवसापासून मी तिला खोटं शिकवायला लागलो.

हे मी घाबरून, गडबडीत केलं असं म्हणायची सोय नाही. मी शाळेतून येताना रस्त्यानं ठरवत यायचो. सगळंच खोटं शिकवलं तर पकडला जाईन, म्हणून दहा शब्द खरे सांगायचो आणि एक खोटा. आणि खोटा शब्द निवडायचो तो दवाखान्यात लागेल असा.

‘अवेक’ म्हणजे जागा. मी तिला सांगितलं, अवेक म्हणजे झोपलेला. जुमला मीच तयार ठेवला होता. आप्पा इज अवेक इन द आफ्टरनून. आप्पा दुपारी जेवून दुकानाच्या गादीवर घोरत पडायचे, ते सगळ्या गावाला ठाऊक. तिला तो जुमला पटला. तिनं भिंतीवर मिटलेल्या डोळ्यांचा एक चेहरा काढला, मिशांसकट.

‘एम्प्टी’ म्हणजे रिकामं करणं. मी सांगितलं, भरणं. आय एम्प्टी द पॉट ॲट द वेल. विहिरीवर घागर भरतोच की आपण.

‘स्वॅलो’ म्हणजे गिळणं. मी सांगितलं, थुंकणं. मास्तरसाब स्वॅलोज पान. या जुमल्याला ती इतकी हसली, की डोळ्यांतून पाणी आलं. “असं न्हाय म्हणू मास्तरांना,” म्हणाली, आणि एक पिचकारी काढली भिंतीवर.

असे सहा-सात असतील. प्रत्येक वेळी ती माझ्याकडं ज्या विश्वासानं बघायची ते मी सहन केलं, याचं मला आजही नवल वाटतं. जुमले घरचेच होते, ऐकायला अगदी खरे. नुसता अर्थ तेवढा मी उलटा केला होता. ते शब्द तिच्या डोक्यातून पळाले नाहीत. बाकीच्यांइतकेच पक्के बसले.

संक्रांत झाली आणि आप्पा आम्हा दोघांना घेऊन सोलापूरला निघाले. मी हट्ट धरला म्हणून मलाही घेतलं. दुसऱ्या महायुद्धाचे दिवस, पेट्रोल मिळत नसे. मोटार कोळशावर चालायची आणि चढ आला की माणसांना खाली उतरावं लागे. अक्कानं एक गाठोडं बांधलं होतं. दोन लुगडी, तांब्या, फणी. विभूतीचा गोळा एका फडक्यात. ती राहायच्या तयारीनं निघाली होती. निजामाच्या हद्दीवरच्या करोडगिरी नाक्यावर, म्हणजे जकातीच्या चौकीवर, शिपायानं ते गाठोडं सोडून बघितलं आणि विचारलं, “किधर जाना है?”

“शिकायला,” अक्का म्हणाली. शिपायानं आप्पांकडं बघितलं. आप्पा दुसरीकडं बघत होते.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई तिला बघून मनापासून खूष झाल्या. पांढरं पातळ, चष्मा, बोलणं थोडं आणि स्वच्छ. आप्पा बाहेर ओट्यावर बसले. मला दारातल्या बाकावर बसायची परवानगी मिळाली, तिथून आतली खोली दिसायची. पाच-सहा खाटा, फिनेलचा वास, दोन परिचारिका.

बाईंनी इंग्रजीत हुकूम द्यायला सुरुवात केली. वॉश युवर हँड्स. अक्कानं हात धुतले. ब्रिंग अ क्लीन टॉवेल. आणला. शट द विंडो. लावली. एकेक हुकूम आला की क्षणभर तिचे डोळे वर जायचे. आमच्या चुलीमागची भिंत ती वाचत होती. परिचारिका एकमेकींकडं कौतुकानं बघायला लागल्या.  मला वाटलं, आता ते शब्द निघणारच नाहीत. तसं व्हावं असंही वाटलं, हे मी खरं सांगतो.

मग बाईंनी कोपऱ्यातल्या खाटेकडं बोट केलं आणि विचारलं, “इज शी अवेक?”

खाटेवरची बाई टक्क डोळे उघडे ठेवून छताकडं बघत होती. अक्कानं नीट पाहिलं आणि ठामपणे म्हणाली, “नो.”

डॉक्टरीणबाई हसल्या. त्यांना वाटलं, घाबरली. त्यांनी खाटेखालचं घमेलं दाखवलं, त्यात तळाला घाण पाणी होतं. “एम्प्टी द बेसिन.”

अक्कानं घमेलं उचललं, पाण्याच्या पिंपापाशी नेलं, तांब्यातांब्यानं काठोकाठ भरलं आणि एक थेंब न सांडता परत आणून ठेवलं. एक परिचारिका फस्सकन हसली. बाईंनी तिच्याकडं बघितलं तशी ती गप्प झाली, पण दुसरी तोंडाला पदर लावून वळली.

अक्काला काहीतरी चुकलं हे कळलं होतं. काय ते कळत नव्हतं. ती घमेल्याकडं बघत राहिली.

बाईंनी त्या खाटेवरच्या बाईच्या तोंडात गोळी ठेवली, हातात पाण्याचा पेला दिला आणि अक्काला म्हणाल्या, “टेल हर टु स्वॅलो.”

अक्का वाकली. त्या बाईच्या पाठीला हात लावला आणि अगदी मायेनं म्हणाली, “थुंका बाई.”

त्या बाईनं गोळी थुंकली.

दोघी परिचारिका हसत सुटल्या. खाटांवरच्या बायकाही हसल्या. अक्का ताठ उभी राहिली. ती बाईंकडं बघत नव्हती, हसणाऱ्यांकडंही नाही. तिनं मान वळवली आणि दारातल्या बाकाकडं बघितलं. माझ्याकडं. एकेक शब्द तिनं मागं जाऊन तपासला असेल. कुठल्या दिवसापासून, ते तिला सापडलं असेल. मी मान खाली घातली, आणि मग तर शंकेला जागाच राहिली नाही.

बाईंनी मराठीत विचारलं, “हे तुला कुणी शिकवलं?”

ओट्यावरून आप्पा उठून दाराशी आले होते.

तिनं माझं नाव घेतलं असतं, तर मला मार बसला असता, जन्मात बसला नव्हता असा. पण बाईंना खरं काय ते समजलं असतं. त्यांनी चार शब्द सुधारून दिले असते आणि तिला तिथंच ठेवून घेतलं असतं. ते गाठोडं परत बांधायची वेळच आली नसती.

“कुणी न्हाय बाई,” अक्का म्हणाली. “माझं मीच. ध्यानात राहत न्हाय माझ्या.”

बाई म्हणाल्या, “असू दे. पाठ करून पुढच्या वर्षी ये.” त्या चांगल्या होत्या. आप्पांनी हात जोडले. पुढचं वर्ष नव्हतं, हे त्यांना कुणी सांगितलं नाही.

परतीच्या मोटारीत आप्पा पुढं बसले, आम्ही दोघं मागं. मी खिडकीकडं तोंड करून बसलो होतो. बऱ्याच वेळानं तिनं माझ्या हातात चुरमुऱ्यांची पुडी ठेवली.

“भूक लागली असंल.”

मी खाल्लं. मला लाज वाटत होती तरी भूकही लागली होती. मग तिनं माझं डोकं आपल्या मांडीवर घेतलं. मी झोपेचं सोंग केलं. नाक्यावर शिपायानं पुन्हा गाठोडं सोडलं, फणी उलटीपालटी करून बघितली. मोटार चढावर थांबली तेव्हा माणसं उतरली. तिनं मला उठवलं नाही. कंडक्टर काहीतरी बोलला, त्याला ती हळूच म्हणाली, “लेकरू निजलंय, राहू द्या.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो तेव्हा ती पांढऱ्या मातीनं चुलीमागची भिंत पोतारत होती. घागर गेली, भांडं गेलं, आप्पांचे मिटलेले डोळे गेले. बाळाचा गोल तेवढा तिनं शेवटी पुसला. मी दारात उभा होतो. ती म्हणाली, “तोंड धू. शाळंला उशीर झाला.”

तिनं मला एकदाही विचारलं नाही. रागावली नाही, बोलणं कमी केलं नाही, अंथरूण दूर टाकलं नाही. इंग्रजीचा शब्द मात्र पुन्हा कधी तिच्या तोंडून आला नाही. म्हशीशीही ती आता कानडीत बोलायची.

घरात आणि गावात गोष्ट झाली ती अशी. काका म्हणायचे, “म्हैस शिकली असती, ही न्हाय शिकली. पोरानं मर मर मेहनत घेतली हिच्यापाय.” लोक माझ्या पाठीवर थाप मारायचे. अक्का समोर असायची, भाजी चिरत, पाणी ओढत. मी एका शब्दानं ते थांबवू शकलो असतो.

पुढं रझाकारांची धामधूम आली. रस्ता बंद झाला, नाक्यावर गोळ्या चालल्या, आम्ही काही दिवस खेड्यात जाऊन राहिलो. मग फौजा आल्या, राज्य बदललं, नाका उठला. सोलापूरला आता कुणीही न विचारता जाऊ शकत होतं. अक्का गेली नाही. मी शिकलो, मास्तर झालो, इंग्रजीचाच. लग्न, मुलंबाळं, बदल्या. गावात सरकारी दवाखाना निघाला तेव्हा तिथं बाहेरगावची एक तरुण नर्स आली. अडलेल्या बायका अक्काला सोबत यायचा आग्रह करायच्या. ती जायची. नर्स आत जायची आणि अक्का बाहेर पाणी तापवायची. मी सुट्टीत गेलो असताना एकदा तिला तशी बघितली. चुलाण्यापुढं उकिडवी बसलेली, आतून रडणं ऐकू येतं का म्हणून कान देऊन. रडणं आलं तेव्हा तिचा चेहरा असा उजळला की मला तिथं उभं राहवलं नाही.

निवृत्तीच्या दिवशी शाळेनं समारंभ केला. मी तिला मुद्दाम आणवलं, पुढच्या रांगेत बसवलं. भाषणात मी सांगितलं, की माझी पहिली विद्यार्थिनी ही माझी अक्का. लहान होतो तेव्हा चुलीपुढं बसून मी तिला इंग्रजी शब्द शिकवायचो. तिला ते जमलं नाही, पण त्यातून मी मास्तर झालो. लोक गलबलले. टाळ्या वाजल्या. मी खाली बघितलं, तर डोक्यावर पदर घेतलेली माझी अक्काही टाळ्या वाजवत होती. सगळ्यांपेक्षा जोरात.

त्या रात्री मी ठरवलं की हिला सांगायचं. ठरवण्यात काही वर्षं गेली. आणि मग तिचे कान गेले. आधी थोडे, मग पार. तिच्याशी बोलायचं म्हणजे ओरडून बोलावं लागे. तिला वाचता येत नव्हतं, त्यामुळं लिहून देण्याची सोय नव्हती. ती राहायची त्या चुलतभावाच्या घरात सुना, नातवंडं, येणारेजाणारे. “अक्का, जेवलीस का?” हे ओरडून विचारता येतं. माझं जे होतं ते ओरडून सांगायचं धाडस मला झालं नाही.

शेवटी एका उन्हाळ्यात मी तिला एकटीला शेतात घेऊन गेलो. लिंबाच्या सावलीला बसवलं. आसपास कुणी नव्हतं. मी तिच्या कानाशी तोंड नेलं आणि जोरात म्हणालो, “अक्का, सोलापूरच्या वेळी—”

तिनं कानाला हात लावला. “काय म्हणतोस?”

“सोलापूर!” मी ओरडलो.

ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली.  तिनं माझ्या गालावर हात ठेवला. खरखरीत, हलका हात.

“राहू दे तम्मा,” ती म्हणाली. “मला ऐकू येत न्हाय.”

तिला खरंच ऐकू आलं नव्हतं, की आलं होतं, हे मला सांगता येत नाही. मला एवढंच सांगता येतं, की मी पुन्हा ओरडलो नाही. मला सुटल्यासारखं वाटलं. आम्ही तिथं जरा वेळ बसलो आणि मग घरी आलो. पुढच्या थंडीत ती गेली. मी पोहोचलो तेव्हा आमच्यातल्या रीतीप्रमाणं तिला बसती करून विभूती लावली होती.

त्या दिवशी लिंबाखाली मी जे म्हणणार होतो ते असं होतं.

अक्का, तू सगळं बरोबर शिकली होतीस. मी जे शिकवलं ते तू एकही चुकवलं नाहीस. चुकीचं मी शिकवलं, ठरवून शिकवलं, कारण तू गेलीस तर मी कुणाजवळ झोपू हे मला कळत नव्हतं. तुला त्या बायका हसल्या ते माझ्यामुळं. तू बाहेर पाणी तापवत बसलीस ते माझ्यामुळं. तुला ते कळलं होतं, आणि तू मला मार बसू दिला नाहीस. मग मी भर सभेत म्हणालो की तुला जमलं नाही, तेही तू बसून ऐकलंस. मला माफ कर अक्का.